पावसाचे अर्धे गुण

ज्या टायरावरील नक्षी पार झिजून गेली आहे आणि ज्याकडे दुरून पाहूनच आपल्याकडचा कोणताही गॅरेजवाला ‘गोटा झालाय, बदलून टाका’ असा निकाल देऊन मोकळा होतो, तो टायर लावून भर आषाढात खंडाळ्याचा घाट उतरणाऱ्या मनुष्यास पोलीस दंड करतात, घरची माणसे बोल लावतात आणि विमा कंपनी ऐन वेळी त्याची ओळखही विसरते; परंतु मुळातच गोटा असा टायर मुद्दाम बनवून घ्यावा, शर्यतीपूर्वी त्यास विजेच्या उबदार पांघरुणात गुंडाळून ठेवावे, आणि मग त्याच्या भरवशावर ताशी तीनशे किलोमीटर वेगाने धावावे, असे करणाऱ्या मंडळींस मात्र जग जगज्जेते म्हणून पुष्पहार घालते. फॉर्म्युला वनच्या शर्यतीतील कोरड्या हवेच्या टायराला नक्षी नसते. ती झिजलेली नसते, तर मुळात ठेवलेलीच नसते, कारण कोरड्या डांबरावर रबराचा जेवढा पृष्ठभाग टेकेल तेवढी पकड अधिक, आणि प्रत्येक खाच म्हणजे त्या पकडीतून केलेली वजावट. १९९८ साली वेगास आळा बसावा म्हणून नियमकर्त्यांनी या टायरांवर चर पाडण्याचे फर्मान काढले, आणि ते चर सर्वांना पुरेसे नकोसे झाल्यावर २००९ साली तेच फर्मान मागे घेतले; तेव्हापासून गोट्याचे राज्य निर्वेध चालू आहे. म्हणजे पाऊस येईपर्यंत चालू आहे.

पाऊस आला म्हणजे रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा एक पातळ पडदा येतो, आणि ज्या चाकाला त्या पाण्यास बाजूला सारण्याची सवडही नाही आणि चरही नाही, त्याच्या पुढ्यात पाण्याची एक पाचर तयार होऊन ती चाकाखाली शिरते व गाडीला अदबीने वर उचलून धरते. येथून पुढे गाडी धावत नाही, तरंगते. सुकाणू फिरते पण गाडी वळत नाही, ब्रेक दाबला जातो पण वेग उतरत नाही, आणि चालक हा त्या गाडीचा नाममात्र मुखत्यार उरतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतील नासाच्या संशोधकांनी विमानांच्या ओल्या धावपट्ट्यांचा अभ्यास करून असे दाखवून दिले की हे तरंगणे ज्या वेगाला सुरू होते तो वेग टायरातील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. शोध मौलिक आहे; तरंगणाऱ्या मनुष्यास त्या क्षणी वर्गमूळ काढण्याची स्वस्थता नसते, एवढीच त्यातील अडचण.

यावर उपाय म्हणून पावसाळी टायर निराळे बाळगतात, आणि त्यांच्यात दोन हुद्दे आहेत. हिरव्या पट्ट्याचा तो मध्यम, भिजक्या रस्त्यासाठी; निळ्या पट्ट्याचा तो पूर्ण पावसाळी, मुसळधारेसाठी. २०११ पासून या खेळाला टायर पुरविण्याचा मक्ता एकट्या पिरेली या इटालियन कंपनीकडे आहे, आणि तिच्या सांगण्याप्रमाणे ताशी तीनशे किलोमीटर वेगास मध्यम टायर दर सेकंदाला सुमारे ३० लिटर पाणी बाजूला फेकतो, तर निळ्या पट्ट्याचा सुमारे ८५ लिटर. चार चाकांचा हिशेब केला तर गच्चीवरील पाचशे लिटरची टाकी ही गाडी दीड सेकंदात कोरडी करील. एवढा कर्तबगार निचरा आमच्या पाहण्यातील कोणत्याही नगरपालिकेला साधलेला नाही. परंतु फेकलेले पाणी नाहीसे होत नाही. ते हवेत उडून पांढऱ्या धुक्याच्या रूपाने मागच्या चालकाच्या तोंडावर येते, आणि त्यास समोरच्या गाडीच्या शेपटीवरील लुकलुकणाऱ्या तांबड्या दिव्यावाचून दुसरे काही दिसत नाही, पुष्कळदा तोही दिसत नाही. म्हणून निळ्या टायराची खरी गरज भासावी इतका पाऊस झाला की अंधुक दिसते या कारणास्तव शर्यतच थांबविण्यात येते, आणि शर्यत पुन्हा सुरू करण्याइतका पाऊस ओसरला की सर्वजण हिरवा टायर मागतात. ज्याची नेमणूक अतिवृष्टीसाठी आहे त्यास अतिवृष्टीतच काम नाही. तो प्रत्येक शर्यतीस इमानाने हजर राहतो आणि बहुधा कोरा करकरीत परत जातो. या पेचातून वाट काढण्यासाठी जगातील निष्णात अभियंत्यांनी पुष्कळ खल केला आणि अखेर चाकांना मडगार्ड लावून पाहावे या निष्कर्षाप्रत येऊन २०२३ साली सिल्व्हरस्टोन येथे तशी चाचणीही घेतली. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलास हे आधीच ठाऊक होते. फरक इतकाच की मुलाचे मडगार्ड उपयोगी पडते, आणि तुषारांचे समाधान या मंडळींच्या मडगार्डाने काही झाले नाही.

या सर्व व्यवस्थेची परमावधी आम्ही २९ ऑगस्ट २०२१ रोजी दूरचित्रवाणीवर पाहिली. बेल्जियममधील स्पा हे स्थान आर्देन्सच्या डोंगराळ, अरण्यमय प्रदेशात असून तेथील पावसास ऋतूचे बंधन नाही. शर्यत भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी साडेसहाला सुरू व्हावयाची होती, आणि आमच्याकडे त्या सुमारास राजापूरची मावशी मुक्कामाला होती, जिने आयुष्यभर पाऊस या विषयात पदव्युत्तर म्हणता येईल असा अनुभव घेतलेला आहे. गाड्या वेग आवरून धरणाऱ्या सुरक्षागाडीच्या मागून शिस्तीत एकदोन फेऱ्या हिंडून आल्या, शर्यत थांबविणारे तांबडे निशाण लागले, आणि मग पडद्यावर ताडपत्र्या, छत्र्या व ओला रस्ता यांवाचून काही दिसेना. एक तास गेला, दुसरा गेला. नियमाप्रमाणे शर्यत सुरू झाल्यापासून तीन तासांत तिचा फडशा पडला पाहिजे असे होते. तेव्हा पंचांनी, मुदतीत एक तास शिल्लक असताना, खुद्द घड्याळच तहकूब केले. न्यायालये तारखा तहकूब करतात हे आम्हांस ठाऊक होते, परंतु काळालाच स्थगिती देण्याचे अधिकार कोणा कारभाऱ्यास असतात हे त्या रात्री प्रथम कळले. मावशीने चष्मा पुसून पडदा नीट न्याहाळला आणि विचारले, “ह्याला पाऊस म्हणतात होय रे? अरे, एवढ्या पावसात आमची एस. टी. वेळेवर येते.”

पुढे आमच्याकडे पावणेदहा वाजता गाड्या पुन्हा बाहेर पडल्या, सुरक्षागाडीच्या मागून वरातीसारख्या काही फेऱ्या झाल्या, पुन्हा तांबडे निशाण आले, आणि नियमांतील मागे मोजण्याच्या कलमानुसार निकाल पहिल्या फेरीअखेरचा धरण्यात आला. विजेता मॅक्स व्हेरस्टॅपन. अंतर सात किलोमीटरांस थोडे कमी. अवधी ३ मिनिटे २७ सेकंद. कोणी कोणास ओलांडले नाही, ओलांडण्याची परवानगीच नव्हती. तरी पहिल्या दहांना गुण वाटले गेले, निम्मे का होईनात, आणि व्यासपीठावर तिघा विजेत्यांनी, दिवसभर भिजून झाल्यावरही, एकमेकांवर फेसाळत्या मद्याचा फवारा उडविला. तासन्‌तास चिखलात उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांस तिकिटाचे पैसे परत द्यावेत असे लुइस हॅमिल्टनने त्याच दिवशी बोलून दाखविले. पुढील वर्षापासून निदान दोन फेऱ्या सुरक्षागाडीवाचून झाल्याखेरीज गुण नाहीत असा दुरुस्त नियम झाला. मावशी तोवर झोपावयास गेली होती.

पूर्वीच्या काळी पावसाची एवढी सरबराई होत नसे. १९२६ साली बर्लिनच्या आव्हुस रस्त्यावर जर्मनीची पहिली ग्रां प्री झाली, तेव्हा रुडॉल्फ काराचिओला नावाच्या पंचविशीतील तरुणाची मर्सिडीज आरंभीच बंद पडली. बरोबरच्या मिस्त्रीने खाली उतरून ती ढकलली, तोवर बाकीचे दृष्टीआड झाले होते, आणि मग पावसाची झड आली. आपण कितव्या क्रमांकावर आहोत हे सांगणारा कोणी नव्हता, म्हणून तो बापडा ओल्या रस्त्यावर गाडी हाकीत राहिला, आणि शेवटी थांबल्यावर लोकांनी त्यास सांगितले की तू जिंकलास. बक्षिसाच्या रकमेतून त्याने बर्लिनमध्ये मोटारी विकण्याचे दुकान थाटले आणि पर्जन्याचा उस्ताद ही सनद त्यास जन्मभराची मिळाली. आमचे असे मत आहे की त्याच्या विजयात कौशल्याइतकाच अज्ञानाचाही वाटा होता. कारण पावसातील शर्यतीत माहिती जसजशी वाढते तसतसा मनुष्य बावचळतो.

आजच्या गाडीवर शेकडो संवेदके असतात, आकाशावर रडार रोखलेले असते, आणि हजारो किलोमीटर अंतरावरील कारखान्यातही अभियंते पडद्यांपुढे बैठक मारून आकडेमोड करीत असतात. या साऱ्या यंत्रणेचे मंथन होऊन शेवटी जे नवनीत निघते ते म्हणजे चालकाच्या कानात विचारलेला एक प्रश्न: “तिकडे पाऊस आहे काय?” मामला नाजूक असतो हे खरे. गोटा टायर ओल्यावर टिकत नाही. पावसाळी टायराचे रबर मऊ असल्यामुळे ते सुकत्या रस्त्यावर तापून फोडांनी भरते. ज्या डबक्याच्या नावाने चालकाने अर्ध्या तासापूर्वी लाखोली वाहिलेली असते, तेच डबके तो आता टायर थंड करण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून शोधीत असतो. कोरड्या दिवसांत जी वाट सर्वांत श्रेष्ठ, तिच्यावर रबराचा लेप बसलेला असल्यामुळे ओल्यात तीच सर्वांत निसरडी ठरते, आणि शहाणे लोक ज्या कडेकडेच्या भागाकडे एरवी ढुंकूनही पाहत नाहीत तेथून जाऊ लागतात. रंगविलेल्या कडा आणि पांढरे पट्टे यांच्याबद्दल बोलूच नये. गोटा सोडून हिरवा, किंवा हिरवा सोडून गोटा, हा बदल एका विशिष्ट फेरीस केला तर मुत्सद्देगिरी, दोन फेऱ्या आधी केला तर उतावळेपणा आणि दोन फेऱ्या नंतर केला तर हेकटपणा. ती फेरी कोणती हे मात्र ती उलटून गेल्यावरच कळते.

दृष्टान्त हवे तितके आहेत. २००७ साली शांघाय येथे पहिल्याच वर्षात जगज्जेता होण्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला हॅमिल्टन, संघ बोलावीना म्हणून, मध्यम टायरांची नक्षी जाऊन आतले कापड दिसू लागेपर्यंत धावत राहिला. अखेर टायर बदलावयास आत वळला, तो आत जाण्याच्या वाटेवरील वाळूच्या खड्ड्यात घसरून रुतला, आणि त्या वर्षीचे अजिंक्यपद त्याने एका गुणाने गमावले. २०२१ साली सोची येथे लँडो नॉरिस आपल्या पहिल्या विजयापासून अवघ्या तीनचार फेऱ्यांवर होता. पाऊस भुरभुरू लागला, संघाने हिरव्या टायरांची विचारणा केली, त्याने ती दरखास्त तडकाफडकी फेटाळली, आणि मग आभाळ कोसळून तो सातवा आला. त्याच्या मागे असलेला हॅमिल्टन प्रथम ऐकेना, मग ऐकता झाला, आणि शंभरावा विजय घेऊन गेला. उलटपक्षी २००९ साली मलेशियातील सेपांग येथे फेरारीच्या धोरणी मंडळींनी काळे ढग पाहून किमी रायकोनेनला आधीच पूर्ण पावसाळी टायर चढविले. ढग होते, पाऊस नव्हता, आणि बिचारे टायर कोरड्या रस्त्यावर जळून गेले. युरोपातील प्रेक्षकांची सोय पाहून त्या वर्षी शर्यतीची वेळ संध्याकाळी पाचची ठेवली होती, जी विषुववृत्ताजवळील पावसाची कचेरी उघडण्याचीही वेळ आहे. यथावकाश जलप्रलय झाला, शर्यत ३१ फेऱ्यांवर थांबली, गुण निम्मे ठरले. इतर चालक रस्त्यावर गाड्यांत बसून पुढील हुकुमाची प्रतीक्षा करीत असताना कॅमेऱ्यास रायकोनेन सापडला तो खोलीत अर्ध्या विजारीत उभा राहून आईस्क्रीम खाताना. त्या दिवशी घेतला गेलेला सर्वांत समंजस निर्णय तोच असावा असे आम्हांस वाटते.

क्वचित पाऊस गरिबाचीही बूज राखतो. २००७ सालीच जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे मार्कुस विंकेलहॉक नावाचा चालक आपल्या फॉर्म्युला वनमधील पहिल्या शर्यतीस, स्पायकर या तळाच्या संघाच्या गाडीत, सर्वांच्या शेवटी उभा होता. गमावण्यासारखे जवळ काहीच नसल्यामुळे त्याच्या संघाने आकाशाकडे पाहून त्यास आधीच पावसाळी टायर घातले. पहिल्याच फेरीत धो धो पाऊस आला. मोठमोठी नावे कोरड्या हवेच्या टायरांवर एकाच वळणावर एकामागून एक घसरत, जणू तेथे हजेरी लावणे सक्तीचे असावे अशा क्रमाने, रस्त्याबाहेर जाऊन विसावली. आणि सर्वांत शेवटचा विंकेलहॉक अर्ध्या मिनिटाहून अधिक आघाडी घेऊन पहिला झाला. शर्यत थांबवून पुन्हा सुरू केली तेव्हा तो रांगेत पहिला उभा होता. मग रस्ता सुकला, श्रीमंत गाड्या एकेक करून पुढे गेल्या, त्याची गाडी बंद पडली, आणि फॉर्म्युला वनमध्ये त्यास पुन्हा कोणी बसविले नाही. तो संघ पुढील वर्षी विजय मल्ल्या आणि त्यांचे भागीदार यांच्या मालकीचा होऊन फोर्स इंडिया या नावाने भारताच्या परवान्यावर धावू लागला. म्हणजे हा गौरव आपल्या खात्यावर जमा होण्याचे एका मोसमाने हुकले.

तथापि पावसाच्या दफ्तरातील सर्वांत विलक्षण प्रकरण १९८४ सालच्या मोनाकोचे. राजवाडे आणि द्यूतगृह यांच्यामधून जाणारा तो अरुंद रस्ता पाण्याखाली होता; आलाँ प्रोस्त पहिला होता आणि अधिकाऱ्यांकडे हात हलवून शर्यत थांबविण्याची विनंती करीत होता, कारण त्याच्या मागून आयर्टन सेना नावाचा एक नवशिका ब्राझिलियन, टोलमन या सामान्य गाडीतून, दर फेरीस काही सेकंदांनी जवळ येत होता. शर्यतीची सूत्रे जॅकी इक्स यांच्या हाती होती, जे स्वतः चालक असताना पावसात गाडी हाकण्याबद्दल नावाजलेले होते. त्यांनी तांबडे निशाण दाखविले. सेनाने थांबत्या प्रोस्तला रेषेपूर्वी गाठून हात उंचावून आनंदही केला, परंतु निकाल आदल्या, म्हणजे ३१ व्या, फेरीचा धरला गेला, प्रोस्त विजयी. इक्स त्या काळी पोर्शच्या क्रीडामोटारी चालवीत आणि प्रोस्तच्या गाडीचे इंजिन पोर्शने बनविलेले होते, तेव्हा लोकांनी जे म्हणावयाचे ते म्हटले. पंचांस न विचारता निर्णय घेतल्याबद्दल इक्स यांच्यावर कारवाईही झाली.

ठरलेले अंतर पुरे न झाल्यामुळे प्रोस्तला विजयाच्या नऊ गुणांऐवजी साडेचार मिळाले. शर्यत पुरी होऊन तो सेनाच्या मागे दुसरा आला असता तर सहा मिळते. मोसमाच्या अखेरीस हिशेब झाला तेव्हा निकी लाउडा ७२, प्रोस्त ७१.५; आणि अजिंक्यपद गेले लाउडाकडे, जो त्या ओल्या मोनाकोत गिरकी घेऊन शर्यतीबाहेर गेला होता व ज्यास तेथे शून्य गुण मिळाले होते. जिंकून पद गमावणारा आणि घसरून पद मिळविणारा अशी जोडी दुसऱ्या कोणत्या खेळात आढळेल? शिवाय लाउडाचे पावसाकडे जुने येणे होते. १९७६ साली, न्यूरबुर्गरिंगवरील भीषण अपघातात भाजून निघाल्यावर काही आठवड्यांतच परत आलेला तो मनुष्य, जपानमधील फुजी येथील शेवटच्या शर्यतीत मुसळधार पाऊस पाहून दोन फेऱ्यांनंतर आपणहून गाडीतून उतरला, आणि जेम्स हंटकडून एका गुणाने हरला. पावसाने घेतलेला एक गुण पावसाने आठ वर्षांनी अर्धा परत केला. बुडीत कर्जाच्या वसुलीचे हे प्रमाण सावकारी व्यवहारात वाईट समजले जात नाही.

अर्ध्या गुणांच्या यादीत शोभणारे आणखी एक नाव घेतल्यावाचून राहवत नाही. इटलीचा व्हित्तोरियो ब्राम्बिला हा दणकट अंगाचा, मोंझाचा गोरिला या नावाने ओळखला जाणारा चालक १९७५ सालच्या ऑस्ट्रियाच्या शर्यतीत धो धो पावसात सर्वांच्या पुढे गेला. हवामान पाहून ५४ फेऱ्यांची ती शर्यत २९ फेऱ्यांवरच संपविण्याचे ठरले, आणि त्यास अचानक समोर विजयाचे चौकटीचे निशाण दिसले. एकोणतीस फेऱ्या त्याने त्या निसरड्या रस्त्यावर सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरून काढल्या होत्या. आता रेषा ओलांडताच त्याने हर्षातिरेकाने सुकाणूवरील हात वर केले, गाडीने तेवढ्यात गिरकी घेतली आणि ती कठड्यावर जाऊन आदळली. मग मोडक्या नाकाची ती गाडी त्याने तशीच पुढे काढली, आणि एका हाताने सुकाणू सावरीत व दुसरा लोकांकडे हलवीत मानाची फेरी थाटात पुरी केली. फॉर्म्युला वनमधील त्याचा तो पहिला आणि अखेरचा विजय, आणि रेषेपलीकडील अपघाताबद्दल काही कापून घेण्याची तरतूद नियमांत नसल्यामुळे त्याच्या नावावर साडेचार गुण पुरते जमा झाले.